थकलेले शरीर आणि हृदयाचा इलाज

आमच्या बीदर-कलबुर्गी भागातील जुन्या माणसांना वय विचारले, तर आकड्यात उत्तर क्वचितच मिळते. "पोलिस ॲक्शन झाले तेव्हा मी गुरांमागे जात होतो," असे एखादे आजोबा सांगतात. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, तेव्हा थोरला पोटात होता," असे एखादी आजी सांगते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख पुढे निवृत्तिवेतनाच्या कागदावर, शिधापत्रिकेवर आणि आधारपत्रावर जशीच्या तशी उतरलेली असते. एरवी या अंदाजाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु अशा वृद्धाला हृदयविकाराने रुग्णालयात न्यावे लागले, की कागदावरचा तोच आकडा एकाएकी फार मोठा होऊन बसतो.

"ब्याऐंशी वर्षे झाली, आता या वयात काय करायचे?" असे घरातील काहीजण म्हणतात. त्याच वेळी पुण्याहून किंवा हैदराबादेहून मुलगा फोनवर सांगत असतो, "खर्चाचे पाहू नका, जे जे करता येईल ते सगळे करा." दोन्ही बोलणी मायेपोटीच असतात. तथापि दोहोंतही एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या माणसाच्या अंगात बळ किती उरले आहे? वृद्धांच्या हृदयविकारात कोणता इलाज सोसेल, कोणता गुण देईल आणि कोणता उलटेल, हे पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. गेल्या पाव शतकात वैद्यकशास्त्राने हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणला आहे. त्याची माहिती प्रत्येक मराठी घराला असावी, या हेतूने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थकणे म्हणजे काय?

"आबा आता थकले," असे आपण सहज म्हणतो. मराठीतील या एका शब्दात जे सामावलेले आहे, त्यालाच आजचे वैद्यक एक स्वतंत्र अवस्था मानते. तिला आपण क्षीणता म्हणू. ही अवस्था म्हणजे एखादा रोग नव्हे आणि नुसते म्हातारपणही नव्हे. शरीरातील निरनिराळ्या इंद्रियांची राखीव शक्ती एकाच वेळी आटत जाणे, हे तिचे स्वरूप आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेले, तरी रोजच्या चार घागरी निघतात. घरात लग्नकार्य निघाले, की मात्र तळ उघडा पडतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? थकलेल्या शरीराचेही तसेच असते. रोजचे उठणे-बसणे चालू असते, पण न्यूमोनिया, पडणे, शस्त्रक्रिया असा एखादा ताण आला, की सावरायला लागणारे बळ सापडत नाही.

अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पासष्ट वर्षांवरील पाच हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासावरून या अवस्थेची पाच लक्षणे नक्की केली. वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलोच्या आसपास वजन उतरणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे, ही ती लक्षणे होत. यांपैकी तीन किंवा अधिक असतील, तर माणूस क्षीण समजावा. एक-दोन असतील, तर तो त्या वाटेला लागला आहे असे समजावे. २००५ साली कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड यांनी आणखी सोपी पद्धत दिली. माणूस स्वतःचे काय काय करू शकतो, बाहेरचे व्यवहार, घरकाम, आंघोळ, कपडे यांत त्याला कितपत आधार लागतो, हे विचारून श्रेणी ठरवायची. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. रोज बरोबर राहणारे माणूस खरे उत्तर देणारे असले, म्हणजे पुरते.

दोन वृद्धांची कल्पना करू. दोघांचेही वय ऐंशी, दोघांच्याही हृदयाच्या रोहिण्यांत सारखाच अडथळा. एक भालकीजवळच्या खेड्यात अजून सकाळी शेतावर चालत जातात आणि जमिनीवर मांडी घालून जेवून हाताचा टेका न देता उठतात. दुसरे वर्षभरात वाळले आहेत, खाटेवरून उठायला सुनेचा हात लागतो, न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागते. अँजिओग्राफीचे चित्र दोघांचे एकच दिसेल. इलाजाचा परिणाम मात्र एक दिसणार नाही. शिवाय हृदयविकार आणि क्षीणता एकमेकींना पोसतात. हृदयाचा जोर कमी झाला, की दम लागतो. दम लागला, की माणूस हालचाल टाळतो. हालचाल थांबली, की स्नायू झडतात. आणि स्नायू झडले, की तेवढ्याच कामाचा हृदयावरचा बोजा वाढतो.

इलाजाचा हिशेब कसा बदलतो?

प्रथम मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार करू. कॅनडातील डॉ. जोनाथन अफिलालो यांनी अमेरिका व कॅनडातील चार रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेपूर्वी सत्तर वर्षांवरील १३१ रुग्णांना केवळ पाच मीटर चालायला लावले. ज्यांना हे अंतर कापायला सहा सेकंद किंवा अधिक लागले, त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत होण्याचा संभव सुमारे तिप्पट आढळला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पाच मीटर म्हणजे आपल्या सोप्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर! रक्ताच्या तपासण्यांनी जे कळले नाही, ते चालीने सांगितले.

महारोहिणीची झडप अरुंद होणे हा उतारवयातील दुसरा मोठा विकार होय. फ्रान्समधील डॉ. ॲलन क्रिबिए यांनी २००२ साली छाती न उघडता नळीवाटे नवी झडप बसविण्याची पद्धत प्रथम माणसावर यशस्वी केली. त्यामुळे एरवी ज्यांना शस्त्रक्रिया नाकारली गेली असती, अशा असंख्य वृद्धांना नवे आयुष्य मिळाले. परंतु नळीवाटे झडप बसली, म्हणजे गेलेले स्नायू परत येतात असे नाही. २०१७ साली तीन देशांतील १,०२० वृद्धांच्या अभ्यासात असे दिसले, की पुढील वर्षभराचे भाकीत करण्यास चार साध्या गोष्टी फार उपयोगी पडतात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठता येते का, बुद्धी व स्मरण कितपत शाबूत आहे, रक्तातील हिमोग्लोबिन किती आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन किती, या त्या चार गोष्टी. म्हणूनच क्षीणता नुसत्या नजरेने ठरवू नये, ती मोजावी, असे हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले असते.

हृदयविकाराच्या झटक्याचे प्रकरण थोडे निराळे आहे. रोहिणी पूर्ण बंद होऊन आलेल्या झटक्यात एकेक मिनिट मोलाचे असते. तेथे वयाची चर्चा करीत घरी बसणे हा सर्वांत घातक निर्णय ठरतो. या वेळी रक्ताची गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेझ नावाचे इंजेक्शन देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती ध्यानी घेऊन पंचाहत्तर वर्षांवरील रुग्णांसाठी या औषधाची मात्रा निम्मी करण्यात आली आणि पुढे तीच शिफारस रूढ झाली. इलाज सोडायचा नाही, तो माणसाच्या शक्तीला बेतायचा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

रोहिणी पूर्ण बंद न होता आलेल्या झटक्यात अँजिओग्राफी करून स्टेंट बसवावा की औषधांवर भागवावे, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. नॉर्वेत ऐंशी वर्षांवरील ४५७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अँजिओग्राफीच्या मार्गाने गेलेल्यांचा फायदा झाला. नव्वदीच्या पुढे मात्र तो स्पष्ट दिसला नाही. उलट २०२४ साली ब्रिटनमधील ४८ रुग्णालयांतील पंचाहत्तरीपुढील १,५१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्षीण व अनेक व्याधींनी ग्रासलेले रुग्णही मुद्दाम घेतले होते. सुमारे चार वर्षांनंतर पाहता, हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका या दोहोंच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसरा झटका येण्याचे प्रमाण मात्र अँजिओग्राफीच्या गटात काहीसे कमी होते. याचा अर्थ असा, की थकलेल्या रुग्णाला औषधांवर ठेवले, म्हणजे त्याला टाकून दिले असे होत नाही. आणि धडधाकट ऐंशीच्या माणसाला केवळ वयामुळे स्टेंट नाकारणे हेही न्याय्य होत नाही.

आपल्या भागातील स्थिती

पूर्वी या दोन जिल्ह्यांत हृदयाच्या मोठ्या इलाजासाठी बाहेरची वाट धरावी लागे. बीदर, औराद, भालकीचे लोक हैदराबादेस जात. आळंद, अफझलपूरचे सोलापूर गाठीत. आजही अनेक घरांची ओढ तिकडेच आहे. परंतु चित्र बदलले आहे. बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा कलबुर्गीस आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या ३७१ खाटांच्या नव्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. या प्रदेशाला खास दर्जा देणाऱ्या घटनेतील ३७१ (जे) या कलमाची आठवण देणाराच हा आकडा! बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ साली पुरा झाल्याने हुमनाबादकडील लोकांनाही कलबुर्गी जवळ आली. राज्य शासनाने २०२३ पासून पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदय ज्योती योजना सुरू केली असून, तीत तालुक्याच्या रुग्णालयांत काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञांना दाखविण्याची आणि वर सांगितलेले महागडे इंजेक्शन विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. छातीत दडपण, घाम, एकाएकी दम लागणे यांपैकी काही झाले, तर आधी जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. हैदराबाद-सोलापूरचा विचार नंतर करावा. वृद्धांत आणि मधुमेह्यांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

तरीही आपल्या घरांची एक अडचण रुग्णालयाच्या नव्या इमारतीने सुटत नाही. आपली वृद्ध माणसे मनातले दुखणे मराठीत सांगतात. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, हैदराबादेस गेल्यास तेलुगू किंवा उर्दूत, आणि कागद इंग्रजीत लिहिला जातो. बाजारापुरते कन्नड किंवा दखनी आमच्या आजोबांना उत्तम येते. पण "दोन महिन्यांपासून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते" किंवा "जेवण गोड लागत नाही" ही सूक्ष्म तक्रार परक्या भाषेत सांगताना "बरे आहे" एवढ्यावर संपते. क्षीणता ओळखण्याची सारी भिस्त अशाच तक्रारींवर असते. म्हणून बरोबर जाणाऱ्या माणसाने दुभाष्याचे काम निष्ठेने करावे. आपल्या मनाचे उत्तर न देता म्हाताऱ्या माणसाचे उत्तर सांगावे.

अतिदक्षता विभागात तर भाषेचे महत्त्व औषधाइतके असते. शस्त्रक्रियेनंतर किंवा मोठ्या आजारात अनेक वृद्धांना काही दिवस भ्रम होतो. रात्र-दिवस कळत नाही, ते असंबद्ध बोलतात, नळ्या ओढतात. घरच्यांना वाटते, डोके कामातून गेले. चष्मा व श्रवणयंत्र परत देणे, दिवस-वेळ सांगत राहणे, झोप मोडू न देणे आणि लवकर हिंडवणे अशा साध्या उपायांनी हा भ्रम पुष्कळ टळतो, हे १९९९ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखवून दिले आहे. ओळखीचा मराठी आवाज कानी पडणे हाही त्यातलाच उपाय समजावा. भेटीच्या वेळेत घरचे माणूस अवश्य जवळ असावे.

औषधे, ऊन आणि उपवास

मोठ्या इलाजापेक्षा रोजच्या गोळ्यांचा प्रश्न अधिक घरांत असतो. थकलेल्या माणसाचे वजन कमी असते, मूत्रपिंडाची शक्ती उतरलेली असते, आणि गोळ्या आठ-दहा असतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभे राहताच दाब घसरून माणूस पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर रक्तस्राव होतो. यावर स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे हा उपाय नाही. हृदयाची शक्ती कमी झालेल्या रुग्णांच्या काही नव्या औषधांचा लाभ क्षीण रुग्णांनाही चांगला होतो, असे दिसून आले आहे. सर्व डॉक्टरांच्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून सहा महिन्यांतून एकदा एकाच डॉक्टरपुढे ओताव्यात आणि बसून व उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा.

आपल्या भागातील वैशाख म्हणजे अंगाची लाही. कलबुर्गीचे ऊन चाळिसाच्या पुढे जाते. अशा दिवसांत अंगातील पाणी काढणारी गोळी चालू असते, भूक नसते, आणि त्यात एकादशी येते. आजी निर्जळी करतात आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पडतात. दोष एकादशीचा नाही आणि गोळीचाही नाही. दोघींची गाठ पडण्याचा आहे. उन्हाळा लागण्यापूर्वीच या गोळीची मात्रा व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे, आणि मधुमेहाची किंवा पाणी काढणारी गोळी चालू असताना कडक उपवास करू नये. देवाला श्रद्धा पोचते. ती पोचायला कोरडा घसा लागत नाही.

गेलेले बळ परत येते का?

या विषयातील सर्वांत आशादायक भाग हाच आहे. क्षीणता पुष्कळदा थोपविता येते आणि काही अंशी मागेही परतविता येते. मात्र बळ जाते लवकर आणि येते सावकाश. २००७ सालच्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस केवळ अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. आपल्याकडे आजारी माणसाला "पडून राहा, उठू नका" असे मायेने सांगण्याची रीत आहे. डॉक्टरांची मनाई नसेल, तर ही माया महागात पडते. अमेरिकेत हृदयाची शक्ती कमी होऊन रुग्णालयात आलेल्या साठीपुढील ३४९ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांना तोल, ताकद, चाल आणि दम या चारही अंगांचा बेताबेताने व्यायाम दिला, त्यांची हालचाल इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. पुन्हा रुग्णालयात जाण्याचे प्रमाण त्यामुळे उतरले नाही. परंतु स्वतःच्या पायांनी उठता-चालता येणे ही वृद्धाच्या लेखी लहान गोष्ट नसते.

घरी करता येण्याजोगा व्यायाम साधा आहे. डॉक्टरांना विचारून, भिंतीला टेकविलेल्या मजबूत खुर्चीवरून दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाचदा उठावे-बसावे. कट्टा धरून टाचा उचलाव्यात. अंगणात फेऱ्या माराव्यात आणि दर आठवड्याला एक फेरी वाढवावी. छातीत दुखले, फार दम लागला किंवा चक्कर आली, की थांबावे.

याला आहाराची जोड हवी. दात गेले, की आपल्या वृद्धांचे जेवण चहा-बिस्किट, दूध-भाकरीचा काला आणि पातळ वरणाचे पाणी यांवर येते. पोट भरते, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ मानतात. पन्नास किलोच्या माणसाला ती पन्नास-साठ ग्रॅम झाली. ज्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या कोठारात राहून घरच्या म्हाताऱ्यांनी वरणाचे नुसते पाणी प्यावे, हे बरे नव्हे! घट्ट वरण, दही, मऊ केलेली उसळ, चालत असल्यास अंडे, असे थोडे थोडे दिवसातून चार वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पापड, लोणचे, खारातली मिरची यांवर हात आखडावा. त्यांतील मिठाने पायांवर सूज चढते.

निर्णय कोणाचा?

शेवटी सर्वांत अवघड गोष्टीकडे वळू. शस्त्रक्रिया करायची की नाही, हा निर्णय आमच्या घरांत मुलगे, जावई आणि दूरचे शिकलेले नातेवाईक घेतात. ज्याच्या छातीवर टाके पडणार, तो माणूस खाटेवर निजून आढ्याकडे पाहत असतो. त्याला विचारण्यात अपशकुन कसला? "आबा, तुम्हांला पुढे काय हवे?" हा प्रश्न विचारला, तर उत्तरे फार साधी येतात. कोणाला गाणगापूरला एकदा पायऱ्या उतरून संगमावर जायचे असते. कोणाला नातीचे लग्न पाहायचे असते. कोणाला फक्त घरी आपल्या खाटेवर राहायचे असते आणि रात्री दम लागू नये एवढीच इच्छा असते. या तिन्ही उत्तरांना तीन निरनिराळे इलाज योग्य ठरू शकतात, आणि ते उत्तर कळल्यावाचून तज्ज्ञ डॉक्टरलाही योग्य सल्ला देता येत नाही. केवळ दम आणि वेदना शमविणारा इलाज निवडणे हाही एक इलाजच आहे. त्यात कमीपणा नाही.

म्हणून आमची वाचकांना अशी सूचना आहे, की घरात सत्तरी ओलांडलेले माणूस असेल, तर आजार येण्याची वाट न पाहता एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. वजन किती आणि ते उतरते आहे का. खुर्चीवरून पाच वेळा आधाराविना उठता येते का. पाच मीटर चालायला किती सेकंद लागतात. आणि वर्षभरात किती वेळा पडणे झाले. दर तीन महिन्यांनी ही नोंद नवी करावी. तिच्याखाली, त्यांच्याच शब्दांत, त्यांना काय हवे तेही लिहावे. परगावी असलेल्या मुलांना तिची प्रत पाठवावी. रुग्णालयात जाताना अँजिओग्राफीच्या कागदांबरोबर ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि स्पष्ट विचारावे: "यांच्या अंगातील बळ पाहता हा इलाज यांना सोसेल काय? त्याने यांना हवे ते मिळेल काय? आधी काही आठवडे बळ वाढवून मग करता येईल काय?"

गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या जन्मतारखेपेक्षा या वहीतील चार ओळी अधिक खऱ्या असतील.